बेतायच्या टेबलावर इंजिन

माझ्या सुनेला "मला येत नाही" असं म्हणता येत नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका, ही तक्रार आहे. लग्न होऊन आली त्याच महिन्यात आमचा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. हिनं तो उघडला, जोडला, गळती थांबली. फक्त त्यानंतर गार पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी यायचं. मी बोलले, तर म्हणते, "आई, पाणी तर येतंय ना?" आता अशा बाईपुढे बोलायचं तरी काय!

बाई शिंपीकाम करते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. रस्त्याकडे काचेचं दार, खिडकीशी दोन शिलाई मशिनं, आणि मधोमध कापड बेतायचं टेबल. असं लांबरुंद आणि दणकट की त्यावर एक कुटुंब झोपेल. गिऱ्हाईक कसंही असो, पोट सुटलेलं, खांदा पडलेला, हिचा कोट अंगावर चढला की माणूस आरशापुढून हलत नाही. "फिटिंग" या एका शब्दावर तिचा सगळा अभिमान. माझा मुलगा न्हावी आहे, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. त्याला आम्ही घरात शंकासुर म्हणतो. छत्री घेऊ का नको याचा विचार करता करता तो भिजून येतो. आणि मी? मी आख्खी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली, शेवटी तिथली मुख्य होते. माझा आवाज मोठा आहे तो तिथल्या यंत्रांमुळे. स्वभाव मात्र माझा मूळचाच.

तर गाडी. छोटी, राखाडी, सुनेनं लग्नाआधी घेतलेली. दर रविवारी ती त्या गाडीनं आपल्या वडिलांकडे जायची. माझे व्याही शहराबाहेर टेकडीवर राहतात, पाण्याच्या टाकीशेजारच्या घरात. जन्मभर तिथला पंप चालवला, निवृत्त झाल्यावरही ते घर त्यांच्याकडेच राहिलं. विहीणबाई गेल्या, मागून व्याह्यांची नजरही जात चालली. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. वर बस जात नाही. सून रविवारी जायची, आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवायची, गोळ्या डब्यांत भरायची, कपडे धुवायची आणि बापाशी कडाकडा भांडायची. भांडणसुद्धा आठवड्याचं एकदम.

आमच्याकडेच या म्हणून मीच त्यांना एकदा आणलं होतं. बिचारे सकाळी उठून भिंतीला हात लावत दार शोधायचे, आणि सापडायचं ते कपाट. स्वतःच्या घरात मात्र हा माणूस डोळस माणसासारखा फिरतो. किटली कुठे, खुंटी कुठे, तिसरी पायरी कुठे मोडलीय, सगळं हाताला पाठ. आमच्याकडे ते खरोखरचे आंधळे झाले. मीच म्हटलं, जाऊ द्या त्यांना घरी.

आणि अशात गाडीनं मान टाकली. आधी धूर सुरू झाला, निळा, इतका की आमची गाडी निघाली की शेजारीण धाडधाड खिडक्या लावून घ्यायची. मग ती तेल प्यायला लागली. शेवटी एका रविवारी टेकडीचा चढ चढता चढता जोर संपला आणि सून गाडीसकट मागे घरंगळत आली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं बघून निकाल दिला, "रिंगा संपल्यात. आत दमच धरत नाही. भंगारात द्या."

"तुम्ही इंजिन उघडून द्याल का?" सुनेनं विचारलं.

"माझ्याकडे रांग लागलीय. पुढच्या महिन्याच्या आत हात लावणार नाही. आणि लावून तरी काय? म्हातारीला लिपस्टिक."

भाड्याची गाडी करून पाहिली. त्या खडबडीत चढावर दर आठवड्याला यायला कोणी तयार होईना. त्यातच व्याही न्हाणीघरात पडले. सकाळी पडले, ते दुपारी पंपावरचा माणूस सहज डोकावला म्हणून सापडले. मग सुनेच्या भावाचा फोन आला. तो लांब, परदेशात. माणूस वाईट नाही, पण काळजी करायची तर दुसरं काय करणार तिथून? त्यानं वृद्धाश्रमात जागा घेऊन टाकली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आश्रमाची गाडी येऊन वडिलांना घेऊन जाणार.

सून फोनवर खूप बोलली. शेवटी भाऊ म्हणाला, "तू पहिल्यासारखी दर आठवड्याला जाणार असशील, हाकेला धावू शकणार असशील, तर मी कशाला त्यांना हलवू? पण गाडी नाहीये ना तुझी. त्या रविवारपर्यंत झाली तर सांग." आणि व्याही, ज्यांनी कधी डॉक्टरचं ऐकलं नाही, ते म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं." त्या उत्तरानं सुनेचा चेहरा पडला. भांडले असते तर बरं वाटलं असतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "आई, इंजिन मीच उघडते."

"अगं, तू शिंपी आहेस!"

"मग काय झालं? जोडलेलं आहे म्हणजे उसवता येतं."

शंकासुर म्हणाला, "आणि परत नाही जोडता आलं तर?" तिनं त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो चहा तसाच ठेवून दुकानात गेला.

मिस्त्रीकडून तिनं जड उचलायची साखळी मागून आणली. तो देत नव्हता, पण त्याच्या बायकोचा कोट हिच्याकडे शिवायला होता. मागच्या शेडच्या तुळईला साखळी बांधली, इंजिन गाडीतून वर उचललं. आता ठेवायचं कुठे? शेडमधल्या मातीत ठेवलं तर कचरा आत जाईल म्हणे. चार माणसांनी ते दणादण उचलून आणलं आणि ठेवलं कुठे, तर बेतायच्या टेबलावर! माझं डोकंच फिरलं. "त्या टेबलावर लोकांचे लग्नाचे कपडे बेततेस ना गं?" मी ओरडले. ती जुन्या चादरी पसरत म्हणाली, "आई, टेबल दणकट आहे. घरात दुसरं काय एवढं दणकट आहे? तुम्ही सोडून." मला हसू आलं आणि मी हरले.

तिची रीत सांगते. तिनं खाकी कागदावर इंजिनाच्या झाकणाचा नमुना काढला, जसा ती कोटाचा काढते, आणि जो बोल्ट जिथून निघाला तो कागदात तिथेच खोचला. लहान नट बटणांच्या डब्यांत. प्रत्येक भागाला दोऱ्यानं चिठ्ठी, त्यावर "पुढचा डावा", "मागचा उजवा", अगदी बाहीवर खूण करावी तशी. खडूच्या खुणा इतक्या की इंजिन पांढरं दिसायला लागलं. रॉकेलनं धुवायला तिनं माझं मोठं घमेलं घेतलं. मी तावातावानं ते परत घ्यायला गेले तर बघते, बोल्ट धुतलाय पण आट्यांमध्ये मळ तसाच. "हे धुणं झालं? इस्पितळाच्या चादरींवरचे डाग काढलेत मी, सर मागे." तेव्हापासून धुलाईखातं माझ्याकडे आलं. माझ्या हातांना रॉकेलचा वास यायला लागला तो गेलाच नाही.

गिऱ्हाइकं यायची ती बघतच राहायची. एक बाई कोटाची ट्रायल द्यायला आल्या, टेबलाकडे बघून म्हणाल्या, "हे कोणाचं माप घेताय?" सून म्हणाली, "वडिलांच्या गाडीचं." गाडी हिची, पण ती तसंच म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही.

लेथवाल्याकडून सिलिंडर आतून घासून आणले, ते चकचकीत नळकांड्यांसारखे दिसत होते. नव्या रिंगा आल्या. रिंग म्हणजे पिस्टनच्या कमरेला घालायचं लोखंडी कडं, पण एका जागी कापलेलं, तिथे बारीक फट असते. मिस्त्रीनं तिला पातळ पात्यांचा एक जुडगा दिला आणि बजावलं, "रिंग सिलिंडरमध्ये घाला, फटीत हे पातं जायला हवं. जात नसेल तर रिंगेचं टोक कानशीनं घासा."

आणि इथे माझ्या सुनेनं ती चूक केली जी फक्त शिंपीच करू शकतो. तिनं रिंग घातली, पातं लावलं, थोडं घासलं, आणि थांबली. पातं काही जात नव्हतं, त्याच्या निम्म्या जाडीचं जेमतेम जात होतं. मी विचारलं, "अगं, पातं जायला हवं ना?" तर म्हणते कशी, "आई, नवीन कपडा पहिल्यांदा अंगाबरोबरच ठेवायचा. वापरून सैल होतोच. आत्ताच ढगळ केला तर पुढे पिशवी होते." मला पटलं! एवढी वर्षं तिचं शिवण बघितलंय, मला का नाही पटणार? सगळ्या रिंगा तिनं अशा अंगाबरोबर बसवल्या. काय फिटिंग होतं म्हणून सांगू!

त्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, इंजिन परत गाडीत गेलं. सुनेनं किल्ली फिरवली. खर्र, खर्र, आणि झालं की सुरू! धूर नाही, काही नाही. शेजारणीनं खिडकी उघडून टाळ्या वाजवल्या. मी तर आनंदानं शंकासुराच्या पाठीत धपाटा घातला. सून गल्लीतून एक फेरी मारून आली, मग दुसरी, मग म्हणाली बाजाराचा चढ बघून येते. मी शेजारी बसले. अर्धा चढ झाला आणि गाडी जड व्हायला लागली. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. सुनेनं झटकन किल्ली बंद केली. इंजिन असं आवळलं गेलं होतं की पुन्हा फिरेचना.

लोकांनी ढकलत घरी आणली. शंकासुर दारात उभा. "मी म्हटलं होतं," म्हणाला.

"तू काय म्हटलं होतंस? कधी म्हटलं होतंस? तू तर नुसता दारात उभा राहतोस!" मी त्याला झाडला. राग त्याच्यावर नव्हता, पण कोणावर तरी निघायला हवा होता.

सून पायरीवर बसून राहिली. रविवार तोंडावर आला होता. तासाभरानं ती उठली, पाना घेऊन इंजिन हातानं फिरवून बघितलं. तर ते फिरलं! गार झाल्यावर अगदी सहज.

"गरम झालं की अडतं, गार झालं की सुटतं," ती म्हणाली. "असं कसं?"

"गरम होऊन आटलं असेल," मी म्हटलं. "लोकरीचं काही गरम पाण्यात गेलं की आटतंच." आणि बोलता बोलता माझीच जीभ अडकली. लोखंड कुठे आटतं! आमच्या धुलाईखान्यात वाफेच्या लांब नळ्या होत्या. त्यांना मध्येच एक मोठा वळसा दिलेला असायचा. मी नवीन असताना विचारलं होतं, सरळ का नाही नेल्या? तर फिटर म्हणाला होता, बाई, वाफ सोडली की नळी लांब होते, वळसा नसला तर भिंत फोडेल.

मी हे सांगितलं आणि सून माझ्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारला. "ती फट त्यासाठी होती! रिंग तापून वाढते, टोकं एकमेकांना भिडली, जागाच नाही, म्हणून सिलिंडरला आवळून बसली. आई, मी घट्ट शिवलं!"

"मग आता?"

"आता काय? उसवायचं."

मी हे मुद्दाम सांगते, कारण मला वाटलं होतं ती रडेल. तिनं तोंड धुतलं आणि साखळी आणायला गेली. मिस्त्री म्हणाला, "रविवारपर्यंत? विसरा." ती म्हणाली, "शिवायला जेवढा वेळ लागतो तेवढा उसवायला लागत नाही. आणि दुसऱ्यांदा शिवताना हात बसलेला असतो." तो हसला, पण या वेळी साखळी घेऊन स्वतः आला. पुन्हा चार माणसं, पुन्हा टेबल. गुरुवारी दिवसभर काचेच्या दारावर "दुकान बंद" अशी पाटी होती. पिस्टन बाहेर काढले. दोन रिंगा ओरखडल्या होत्या. मिस्त्रीनं सिलिंडरच्या आतून नख फिरवलं, नख कुठे अडलं नाही. "वेळेवर किल्ली बंद केलीत म्हणून वाचलात," म्हणाला, आणि दोन नव्या रिंगा आणून दिल्या.

आता पातं प्रत्येक फटीतून अलगद जाईपर्यंत घासायचं होतं. कानस चालवताना तिचं तोंड बघण्यासारखं होतं. "एवढं सैल? आई, मला लाज वाटते असं काम द्यायला."

"दे गं," मी म्हटलं, "गिऱ्हाईक तापट आहे."

शनिवारी सकाळी इंजिन पुन्हा गाडीत बसलं आणि सुरूही झालं, पण चाल बिघडलेली. मध्येच ठसका, मध्येच झटका. मी घाबरले, तर ती म्हणाली, हे काही नाही, हे मशिनच्या दोऱ्याचा ताण जुळवण्यासारखं काम आहे. ठिणगी कधी पडायची, पेट्रोल किती यायचं, हवा किती, हे जुळवायचं. शंकासुराला आत बसवून पॅडलवर पाय ठेवायला लावला. "जास्त दाबू का कमी?" त्याचं सुरू झालं. "मी सांगेन तेवढं!" तिनं आपली लाकडी पट्टी घेतली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. शिलाई मशीन कुरकुरलं की ती अशीच ऐकते. मग एक स्क्रू केसभर इकडे, एक केसभर तिकडे. वर तो टोपीसारखा भाग होता, तो जरासा फिरवला. ठसका कमी झाला. पुन्हा ऐकलं, पुन्हा फिरवलं. मिस्त्री काही तरी सांगायला पुढे झाला आणि तिनं डोळे न उघडता हात वर केला, थांबा म्हणून. हळूहळू ते इंजिन असं काही एका लयीत चालायला लागलं की मला वाटलं बंदच पडलं. "टाका बरोबर पडायला लागला," ती म्हणाली.

मग संध्याकाळपर्यंत ती बाजाराचा चढ चढत आणि उतरत राहिली. इंजिन चांगलं तापू दिलं, तरी गाडी कुठे आवळली नाही. मी भाजीवाल्यापाशी उभी राहून हे बघत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, माझी सून आहे. त्यातलं नळ्यांचं सुचलं मला, हेही सांगत होते.

भावाला फोन केला. "खरंच? तू केलीस?" त्यानं तीनदा विचारलं. म्हणाला, आश्रमाचं कार्यालय आता सोमवारी उघडेल, त्यांची गाडी कदाचित येईलच, तू आधी पोहोच. वडिलांना तिनं तोवर काही सांगितलं नव्हतं. गाडी झाल्याशिवाय आशा लावायची नाही, असं तिचं म्हणणं. आता लावला तर त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. रविवारी सकाळीही तेच. मग तिनं ओठ आवळले आणि म्हणाली, "आई, बसा."

चढ आला. मी बडबड करत होते, कारण मला भीती वाटली की मी बोलते. ती मान जराशी कलती करून इंजिन ऐकत होती. जिथून मागे घरंगळली होती ती जागा आली आणि गेली. टाकी दिसायला लागली.

व्याही दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात बॅग. आमची गाडी फाटकाशी थांबली तसे ते वळले, दाराला कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं. मग भिंतीला धरत तिसरी पायरी टाळून खाली आले, हातानं गाडीचं छत चाचपलं, मागचं दार उघडलं आणि बसले. बॅग मांडीवर. घरातला फोनही काढून त्यांनी तिच्यात टाकला होता, त्याची वायर बाहेर आली होती.

"चला," म्हणाले.

मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. सून स्टिअरिंग धरून तशीच.

"काही विसरलेलं नाही मी," ते म्हणाले. "जरा लवकर निघाल का? माझी मुलगी आहे. आज ती काहीही करून येणार, चालतसुद्धा येईल, मी ओळखतो तिला. ती दारात आली तर माझ्याच्यानं निघवायचं नाही, आणि मग तिचे हाल होतात." त्यांनी सीटवरून हात फिरवला. "गाडी चांगली आहे तुमची, आवाज नाही. आमच्या मुलीची खालच्या वळणापासून खोकायची. ती खोकली की मी चहाचं आधण ठेवायचो."

सुनेचे खांदे हलायला लागले. एवढे दिवस न रडलेली बाई, तिला आता आवरेना, आणि मलाही आवरेना. तिनं नाक पुसलं, इंजिन बंद केलं आणि मागे वळली.

"बाबा, उतरा," ती म्हणाली. "आधण ठेवायचं राहिलंय."

ते उतरले नाहीत. बॅग मांडीवरून खाली सरकली तरी त्यांनी धरली नाही. हात पुढे करून त्यांनी तिचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, ओली गालफडं, मग तिच्या बोटांना लागलेलं तेल. "तूच?" म्हणाले. "आणि मी निघालो होतो."